नमुना क्रमांक ४

संस्थेच्या खोलीचा भाडेकरार संपला आणि पावसाळ्यापूर्वी ती रिकामी करून देणे भाग पडले, तेव्हा आम्ही चार जुने कार्यकर्ते कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या खोलीत दोन दिवस कागद निवडत बसलो होतो. शिबिरांची हजेरीपत्रके, वाळवीने कडा खाल्लेले कापडी फलक, मंत्राने अग्नी पेटवण्याच्या प्रात्यक्षिकासाठी आणलेली पोटॅशियम परमँगनेटची बाटली, कापराच्या पुड्या, असा तो सगळा संसार होता. कपाटाच्या माथ्यावर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे, लोणच्याची असते तशी काचेची एक मोठी बरणी सापडली. आत काळपट तपकिरी, दोरखंडासारखी वळलेली केसांची जट होती आणि बरणीवर चिकटवलेल्या कागदावर, शाई फिकी पडली असली तरी वाचता येईल असे, माझेच अक्षर होते: ‘अंधश्रद्धेचा नमुना क्र. ४. जट. वजन ८५० ग्रॅम. ता. गडहिंग्लज. १९८६.’

ज्या बाईच्या डोक्यावरून ती जट उतरवली, तिचे नाव त्या कागदावर नव्हते. मला ते पाठ आहे. इथे ते लिहीत नाही, कारण तिला विचारून घेण्याची सोय आता राहिलेली नाही आणि एकदा तिला न विचारता बरेच काही करून झालेले आहे.

मार्गशीर्ष सुरू होता. रांडाव पुनवेला आठ-दहा दिवस उरले होते आणि गावोगावच्या जोगतिणी सौंदत्तीला निघण्याच्या तयारीत होत्या. जमदग्नी मारले गेले आणि रेणुका विधवा झाली म्हणून या पौर्णिमेला यल्लम्माच्या जोगतिणी बांगड्या फोडतात आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरतात. हे ठाऊक असल्यामुळेच आम्ही तो मुहूर्त निवडला होता. यात्रेपूर्वी जट कापली गेली, तर यात्रेत त्याची चर्चा होईल, असा आमचा हिशेब होता. मी बावीस वर्षांचा होतो. माझ्या शबनम पिशवीत डेटॉलची बाटली, कापूस, दोन कात्र्या आणि विज्ञानयुगावरची पन्नास पत्रके होती.

ती पन्नाशीची असावी. एका खणाचे घर, शेणाने सारवलेली जमीन, कोनाड्यात हळदीने पिवळी पडलेली परडी आणि शेजारी मोराच्या पिसांचा कुंचा खोवलेला जग, म्हणजे डोक्यावरून मिरवायची देवी. जट मानेवरून पुढे घेऊन ती मांडीवर ठेवून बसली होती, जसे कोणी नातवंड घेऊन बसावे. केसांना तेल-फणी लागली नाही, की घाम, धूळ आणि भंडारा यांनी ते गुंतत जातात, घट्ट होतात आणि त्यांची जट होते, हे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. तिची मान रात्रंदिवस ठणकत होती आणि टाळूवर जखम होती, म्हणून ती तयार झाली. विज्ञानयुगावरच्या पत्रकाचा त्यात काहीही वाटा नव्हता, हे आता मान्य करायला हरकत नाही. देवीचा कोप झाला तर, असे तिने एकदाच विचारले. तो झालाच तर आमच्यावर होईल, असे आम्ही छातीठोकपणे सांगितले.

आमच्या कात्र्या त्या जटेत शिरेनात. अखेर शेजारच्या धनगराच्या घरून मेंढ्यांची लोकर कातरायची कातर आणली. जट सुटली तेव्हा ती जमिनीवर पडल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजाने बाहेर जमलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन आम्ही ती तागडीत घालून तोलली, कारण आकडा दिला की बातमीला वजन येते, असे आमच्यातल्या एकाने सांगितले होते. परत आलो तेव्हा ती तशीच बसून होती, मान किंचित डावीकडे कललेली, जणू ओझे अजून तिथेच आहे. आमच्यातल्या एका कार्यकर्तीने तिचे उरलेले केस विंचरले, तेल लावले. छायाचित्र निघाले. मग तिने मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, “लेकरा, आता मी कुनाच्या दारात काय म्हनून हुबी ऱ्हाऊ?”

मी तिला कष्टाने जगण्याच्या प्रतिष्ठेबद्दल काहीतरी सांगितले. शब्द आठवत नाहीत. आठवत नाहीत हे बरेच आहे.

तिच्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळत गेला. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन पाच घरी जोगवा मागत असे आणि त्या पाच घरांत पाटलाचेही घर असे. पाटलीणबाई सूपभर पीठ परडीत घालून तिच्या पाया पडत. ज्या उंबऱ्याच्या आत तिच्या जातीची सावली चालत नव्हती, त्या उंबऱ्यावर ती मंगळवारी देवी म्हणून उभी राहत होती आणि तिला नाही म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. जोगवा घालणाऱ्यालाच तिचा आशीर्वाद हवा असतो. भीक मागणाऱ्याची गोष्ट वेगळी. जट गेली आणि तीच बाई, तीच परडी, तेच दार असताना पदरात पडणाऱ्या पिठाचे नाव बदलले.

दुसरी गोष्ट जमिनीची. तिच्या बापाला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. धाकटीचे लग्न झाले आणि थोरलीला देवीला सोडले, म्हणजे ती घरातच राहील, तीस गुंठे कसेल, म्हाताऱ्यांना शेवटचे पाणी पाजेल. आपल्या सीमाभागात मुलगा नसलेल्या घरांनी हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. देवाला सोडलेली मुलगी घरची मुलगा होते. १९५६ च्या वारसा कायद्याने ती बापाच्या मालमत्तेची वारस होतीच, पण तो कायदा गावापर्यंत आला नव्हता. गावात तिचा हक्क तिच्या जटेवर आणि गळ्यातल्या मण्यांवर उभा होता. जट कापल्यावर सहा महिन्यांत भावकीने बांध सरकवायला सुरुवात केली. आता तू देवाची नाहीस, मग कोणाची, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि त्या युक्तिवादाला आम्ही कातर पुरवली होती. देवीकडे त्या बाईची एक नोंद होती, सातबाऱ्यापेक्षा जुनी आणि गावात जास्त चालणारी. ती आम्ही खोडली आणि दुसरीकडे कुठेही केली नाही.

इथे थांबून एक सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी याचा भलताच अर्थ काढील. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेत रम्य असे काहीही नव्हते. आठ-दहा वर्षांच्या, बहुतेक दलित घरांतल्या मुलींच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या मण्यांची माळ, बांधले जाई आणि त्या वयात आल्या की गावातला कोणी पैसेवाला त्यांच्यावर हक्क सांगे. गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून कित्येक मुली मुंबईच्या कामाठीपुऱ्यात गेल्या. त्यांतल्या ज्या आजारी होऊन परत आल्या, त्यांतल्या काहींच्या अंत्यविधीला आम्ही चार माणसे मिळवली आहेत. ही प्रथा मोडायलाच हवी होती. माझा सल वेगळा आहे. बाहेरून आलेल्या माणसाला देव दिसतो आणि त्या देवाच्या आधाराने उभा असलेला व्यवहार दिसत नाही. तो देव हलवतो, छायाचित्र काढतो आणि शेवटच्या एसटीने परत जातो.

जटेसाठी ती एकदा कोल्हापूरला आली होती. सौंदत्तीला नेऊन डोंगरावर वाहायची आहे, निदान ओढ्यात सोडायची आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. बरणी त्या वेळी आमच्या प्रदर्शनात, भोंदूबाबाच्या ताईताच्या आणि करणीच्या लिंबाच्या मधोमध ठेवलेली होती आणि ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिला सांगितले की आम्ही ती जाळून टाकली. ती म्हणाली, “जाळली? बरं.” आणि पाणी पिऊन निघून गेली.

पुढे नोकरीत वाचनाला सवड मिळाली आणि जगात इतरत्र हे काम कसे झाले, हे पाहण्याचा नाद लागला. बाहेरची उदाहरणे शोधण्यामागे स्वतःची सुटका करून घेण्याचाही हेतू असावा. आपल्यापेक्षा मोठे गुन्हेगार सापडले की बरे वाटते. ते सापडलेही. पण बरे वाटले नाही.

मेक्सिकोत १९१७ च्या राज्यघटनेने चर्चचे हात बांधले आणि १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी ती कलमे कठोरपणे अमलात आणली, तेव्हा पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी तीन वर्षे बंड केले. ते बंड मिटल्यानंतरही काही प्रांतांत मोहीम चालूच राहिली. ताबास्कोचा गव्हर्नर गारिदो कानाबाल याने पाद्र्यांना लग्नाची सक्ती केली, थडग्यांवरचे क्रूस काढायला लावले, संतांच्या जत्रा बंद करून त्यांच्या जागी शेतमालाच्या जत्रा भरवल्या आणि आपल्या गोठ्यातल्या जनावरांना देवाची आणि पोपची नावे दिली. हाच माणूस दारूबंदी करत होता, शाळा काढत होता, बायकांना मताधिकार देत होता. त्याची यादी वाचताना मला अस्वस्थ व्हायला होते, कारण तीतली निम्मी कलमे आमच्या शिबिराच्या जाहीरनाम्यातही होती.

पण मला जास्त जवळची वाटते ती उत्तरेकडच्या सोनोरा प्रांतातली गोष्ट. माग्दालेना नावाच्या गावात संत फ्रान्सिस झेवियरची आडवी निजलेली लाकडी मूर्ती होती. दर ४ ऑक्टोबरला याकी, मायो आणि तोहोनो ओओधाम या आदिवासी जमातींची माणसे वाळवंट तुडवत, कित्येक दिवस चालत तिथे येत. ४ ऑक्टोबर हा खरे तर दुसऱ्याच फ्रान्सिसचा, असिसीच्या संताचा दिवस. पण आदिवासींना त्याचे काही नव्हते, जसे आपल्याकडे रेणुका आणि यल्लम्मा यांच्यातला फरक पंडितांना पडतो, चालत जाणाऱ्याला पडत नाही. निजलेल्या मूर्तीची मान हाताने उचलायची. उचलली गेली तर नवस पोचला, नाही उचलली गेली तर मन स्वच्छ नाही. १९३४ मध्ये काय्येस यांचाच मुलगा तिथे गव्हर्नर होता. सरकारी माणसांनी देऊळ बंद केले, मूर्ती उचलून राजधानी हर्मोसिलोला नेली आणि ती तिथल्या बिअरच्या कारखान्याच्या भट्टीत जाळली गेली. दारूबंदीचा उपदेश करणाऱ्यांना संत जाळायला बिअरचीच भट्टी सापडावी, याला काय म्हणावे! त्याच सुमारास मायोंच्या खेड्यांतली गवताने शाकारलेली छोटी देवळेही पेटवली गेली.

खरी मूर्ती ओओधाम लोकांनी आधीच लपवली होती आणि भट्टीत गेली ती दुसरीच, अशा कथा त्या भागात अजून सांगतात. त्या खऱ्या की खोट्या, हा माझ्या आवडीचा प्रश्न नाही. पुढे देवळात नवी मूर्ती आली आणि यात्रा आजही भरते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ज्या याकींच्या नदीकाठच्या सुपीक जमिनी पन्नास वर्षे लष्कर लावून, माणसे गुलामासारखी दूरच्या मळ्यांवर धाडून हिसकावल्या गेल्या होत्या, त्यांना विवेकाचा उपदेश करणाऱ्या सरकारने मूर्ती जाळण्यापूर्वी त्या जमिनी परत दिल्या नव्हत्या. लाझारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ही धर्मविरोधी मोहीम थंड केली आणि १९३७ मध्ये याकींना त्यांच्या मुलखाचा मोठा भाग परत देण्याचा निर्णय घेतला. कार्देनासही काही देवभक्त नव्हते.

उझबेकिस्तानातली हकिकत वाचताना मात्र मला पुस्तक मिटवून ठेवावे लागले. १९२७ च्या ८ मार्चला, महिला दिनी, सोव्हिएत पक्षाने तिथे ‘हुजूम’ सुरू केला. आपल्याकडे हिंदी-उर्दूतून गर्दीच्या अर्थाने कानावर येणारा हाच शब्द. मूळ अर्थ हल्ला. ताश्कंद, समरकंदच्या चौकांत बायकांनी आपले बुरखे उतरवून होळीत टाकले. तोंडावरची ती जाळी घोड्याच्या केसांची विणलेली असे. भाषणे झाली, बँड वाजले, छायाचित्रे निघाली. आणि मग त्या बायका संध्याकाळी त्याच गल्लीत, त्याच घरात परतल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे २००० बायकांचे खून झाले, बऱ्याच जणींचे नवऱ्याच्या, भावाच्या, दिराच्या हातून. हजारोंनी बुरखे पुन्हा चढवले. बुरखा उतरवणे चूक होते, असे मला वाटत नाही, आणि खून करणाऱ्यांचा गुन्हा मी मोहीमवाल्यांच्या माथी मारत नाही. तरीही चौकातून घरापर्यंतच्या वाटेवर त्या बाईबरोबर कोण होते, हा प्रश्न उरतोच. आमच्या गडहिंग्लजच्या बातमीतही छायाचित्र होते. बातमी तीन स्तंभी आली होती.

सायबेरियातल्या काझिम नदीकाठच्या खांती लोकांची गोष्ट सगळ्यांत कमी ऐकलेली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलकी आहे. रेनडिअर पाळणारी, मासे आणि शिकार यांवर जगणारी ही माणसे. १९३० च्या आसपास सरकारने त्यांच्या मुलखात एक ‘संस्कृती केंद्र’ उभारले. त्यात दवाखाना होता, शाळा होती, वसतिगृह होते, दुकान होते. कागदावर पाहिले तर यातल्या एकाही गोष्टीला आक्षेप घेता येणार नाही. पण मुले वसतिगृहात सक्तीने नेली जाऊ लागली, ज्यांच्याकडे जास्त रेनडिअर त्यांच्यावर श्रीमंत म्हणून जबर कर बसला आणि शामानांचा मताधिकार काढून घेण्यात आला. शामान म्हणजे आपल्याकडचा देवऋषी आणि वैदू यांचे मिश्रण म्हणता येईल, पण त्याच्याकडे कुळांच्या वंशावळी, शिकारीच्या हद्दी आणि भांडणतंट्यांचे निवाडेही असत. मग नुमतो नावाच्या सरोवरात सरकारी मासेमारी सुरू झाली. नावाचा अर्थच देवाचे सरोवर. तिथे जाळे टाकायचे नसते, हा तिथला दंडक. आता विवेकी माणूस विचारील, की पाण्याला काय पवित्र आणि काय अपवित्र! मीही विचारले असते. त्या निषेधामुळे एका सरोवरातले मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले होते, हे कळायला मला आधी आपल्याच देवराया पाहाव्या लागल्या.

१९३३ च्या डिसेंबरात समझोता करायला आलेल्या सरकारी पथकाला खांती आणि नेनेत्स लोकांनी पकडले आणि देवांचा कौल घेऊन ठार मारले. त्यांत एक बाईही होती. नंतर फौज आली, डझनावारी माणसे पकडली गेली, काहींना मृत्यूची शिक्षा झाली. हे क्रौर्य मी झाकत नाही. दोन्हीकडचे झाकत नाही. सायबेरियातून जप्त झालेले शामानांचे ढोल संग्रहालयांच्या काचेमागे गेले. माझी अशी कल्पना आहे, आणि ती केवळ कल्पनाच आहे, की त्यांतल्या कितीतरी ढोलांखाली जमातीचे नाव असेल, वर्ष असेल, चामडे कोणत्या जनावराचे तेही असेल. ढोलवाल्याचे नाव नसेल.

अस्वलाची शिकार झाली की खांती लोक त्याचे मस्तक दोन पंजांवर ठेवून घरात मानाच्या जागी मांडतात आणि कित्येक रात्री गाणी म्हणून त्याची क्षमा मागतात. हा उत्सव सोव्हिएत काळात चोरून होत राहिला आणि त्या सत्तेच्या अखेरच्या वर्षांत पुन्हा उघड्यावर आला. साठ वर्षांच्या शाळेने अस्वलाची क्षमा मागणे सुटले नाही. वसतिगृहात वाढलेल्या कित्येक मुलांना त्या गाण्यांची भाषा मात्र राहिली नाही.

आता कोल्हापूरकडे. बाहेरच्यांची उणीदुणी काढून आपल्या राजाचा जयजयकार करण्याची आमच्या गावाला सवय आहे, म्हणून जरा जपूनच लिहितो. सक्ती शाहू महाराजांनीही केली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता आणि त्या काळी रुपया ही गरिबाच्या घरात थोडी रक्कम नव्हती. १९२० मध्ये संस्थानात देवाला मुली सोडण्याला बंदी झाली. ती बंदी कितपत लागू पडली, याचा पुरावा माझ्या बरणीत आहे.

तरीही महाराजांच्या कामात एक गोष्ट सतत दिसते, की त्यांनी काढून घेतले तिथे काहीतरी ठेवले आणि ठेवल्यावर स्वतः तिथे जाऊन बसले. महार, मांग, रामोशी, बेरड यांना गुन्हेगार ठरवून रोज गावकामगारापुढे जी हजेरी द्यावी लागे, ती त्यांनी १९१८ मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याची, विश्वासाची कामे दिली. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तलावाच्या पाण्याला शिवले म्हणून या माणसाला मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण गंगारामला भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा फेरफटक्याला निघालेला छत्रपती आपली गाडी दुकानासमोर थांबवून, भर रस्त्यात, बरोबरच्या सरदारांसह चहा पिऊ लागला. मला त्या कपापेक्षा, तो रोजचा होता याचे जास्त कौतुक वाटते. एक दिवस चहा पिऊन बातमी छापून आणणे आम्हांलाही जमले असते.

आणि त्यांनी देवाशी भांडण मांडले नाही. वेदोक्त प्रकरणात ब्राह्मण पुरोहितांशी मांडले, १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला तेव्हा त्याला बळ दिले. सत्यशोधकांचा निर्मिक शाबूत होता. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये बसून दक्षिणा मोजणारा हात त्यांना नको होता. आम्ही मात्र पुढच्या पिढीत, जास्त पुस्तके वाचून, त्या बाईच्या आणि तिच्या देवीच्या मध्ये जाऊन बसलो.

भुदरगड तालुक्यातल्या माझ्या आजोळी एक देवराई होती. चपला बाहेर काढायच्या, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, आत कुऱ्हाड न्यायची नाही, एवढे तीन नियम. आम्हां भाचरांना ते हास्यास्पद वाटायचे. आज त्या राईत निम्मी झाडे नाहीत. ती नास्तिकांनी तोडली, असे म्हणायला मला आवडले असते, म्हणजे या लेखाला टोक आले असते. पण तोडली ती जीर्णोद्धार समितीने. शेंदराच्या तांदळ्याला चकचकीत लाद्यांचे देऊळ आणि गाड्या लावायला मैदान हवे होते. वर्गणीच्या पावतीवर देवाचेच नाव होते. देवराईतला झरा आता मेअखेरीस आटतो. तेव्हा देव काढून टाकणारे आणि देव सजवणारे, दोघांनाही पाण्याचा पत्ता नसतो, एवढे म्हणून पुढे जातो.

हे सगळे मी इतकी वर्षे लिहिले नाही, त्याला कारण भीती. २०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना मारले गेले. २०१५ च्या १६ फेब्रुवारीला आमच्याच गावात सकाळी फिरून परतणाऱ्या गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी पानसरे गेले. त्या दिवसांत बिंदू चौकात उभे राहिलेल्या कोणाही माणसाला चळवळीची चूक उच्चारणे म्हणजे मारेकऱ्याला काडतूस पुरवणे वाटले असते. मलाही वाटले. अजूनही थोडे वाटते. जादूटोणाविरोधी कायदा हवा होता आणि हवा आहे. माझ्या बरणीने त्यातले एक कलमही सैल होत नाही. पण जी चळवळ माणसांना प्रश्न विचारायला शिकवते, तिच्या कपाटावरची बरणी तिनेच उतरवावी. ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्याची वाट पाहू नये.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. सीमाभागातल्या देवदासींनी पुढे स्वतःच संघटना केल्या आणि जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चे आणले. पुढे चौंडके होते, तुणतुणे होते, ‘उदं गं आई उदं’ होते आणि मागण्या होत्या निर्वाह अनुदानाच्या, घराच्या, शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाची सक्ती नको याच्या. सभेत एका जोगतिणीने मुली सोडणे बंद करा म्हणून ठणकावले आणि भाषण संपल्यावर परडी कपाळाला लावली. माझ्या शेजारचा तरुण कार्यकर्ता कुजबुजला की ही विसंगती आहे. मी त्याला काही बोललो नाही, त्याच्या शबनम पिशवीकडे पाहत राहिलो.

बरणी सापडल्यावर मी गावात निरोप धाडला. बाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी आशा सेविका आहे. एका बाळंतिणीला घेऊन इथल्या सीपीआर रुग्णालयात आली होती, तिथून ती थेट माझ्या घरी आली. चाळिशी ओलांडलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, बोलणे तुटक. मी सगळे सांगितले, जाळल्याचे खोटे बोललो तेही. तिने बरणी उजेडाकडे धरली, कागद वाचला आणि विचारले, “ह्यावर मावशीचं नाव का न्हाई?”

मला उत्तर देता आले नाही. तीही थांबली नाही. “मी काय ह्यातलं मानत न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या गावात आता एकबी पोरगी सोडत न्हाईत, आमी सोडू देत न्हाई. पर मावशीनं शेवटाला सांगितलं हुतं, कुनाकडं घावलीच तर हिरण्यकेशीत सोड म्हनून.” जमिनीचे विचारले, तर वीस गुंठे राहिले, दहा भावकीने खाल्ले, ती वीस आता तिच्या आईच्या नावावर आहेत, असे तिने मान वर न करता सांगितले. मावशी शेवटपर्यंत केस विंचरायची, तेल लावायची, पण मान तशीच एका बाजूला कलती ठेवून चालायची, हेही सांगितले. मग पिशवीतून हिरवा खण काढून तिने बरणीभोवती गुंडाळला. म्हणजे तो ती घरूनच घेऊन निघाली होती.

दिवाळीच्या आधी, गडहिंग्लजहून येणाऱ्या एका मास्तरांच्या हाती तिने बरणी परत पाठवली. राखेने घासून लख्ख केली होती, कागद निघून गेला होता. आत नव्या सुगीच्या भुईमुगाच्या शेंगा गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. मास्तर म्हणाले, ती सांगत होती, भांडे रिकामे कसे पाठवायचे.